जमिनीवर काढलेली विहीर

कापड हातात आलं की मी आधी ते उलटं करून बघते. आमचं दुकान बंगळूरच्या चिकपेटेत, तीन पिढ्यांचं. वडील सांगायचे, सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, उलटी आपल्यासाठी. त्यामुळे नवा माणूस भेटला की याची उलटी बाजू कुठे असेल, हेच माझ्या मनात पहिल्यांदा येतं. संशयी म्हणा हवं तर, घरात सगळे म्हणतातच. पुष्कळांवर मी संशय घेतला आणि पुष्कळदा तो खरा निघाला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकाच माणसाच्या बाबतीत असं झालं की मी जे जे पाहिलं ते सगळं खरं होतं आणि संशय तेवढा खोटा होता.

तेव्हा मी बंगळूरच्या एका लहानशा मराठी शाळेत गणित शिकवत होते. चीनच्या लढाईनंतरची ती वर्षं. शाळेत निम्मी मुलं आमच्यासारख्या जुन्या पेठेतल्या घरांतली, निम्मी सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांतली. कारखान्यांच्या भिंतींवर तेव्हा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे की अनोळखी माणसाशी बोलू नका. आमच्या शाळेला तसं लिहायची गरज नव्हती, कारण मी होते.

मास्तर आले ते ऐन सत्राच्या मध्यावर, बेळगावकडून. ड्रॉइंग मास्तर म्हणून, हंगामी. उंच, हडकुळे, डोळ्यांना चष्मा, बंद गळ्याचा खाकी कोट. एका खिशात सुतळीचं गुंडाळं, दुसऱ्यात खडू आणि लाकडी पट्टी. वय चाळिशीच्या पुढचं, मी अठ्ठावीसची, तरी पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "नमस्कार अक्का." आमच्याकडे अक्का म्हणायची रीतच आहे, पण मला वाटलं, हा एवढा मऊ का बोलतो?

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी काहीही म्हटलं की म्हणायचे, "मोजून बगा." आज ऊन फार आहे म्हटलं तरी मोजून बगा, वर्गात पोरं जास्त झाली म्हटलं तरी मोजून बगा. शिपायाने एकदा सांगितलं की फळा वाकडा लागलाय, तर मास्तरांनी सुतळी आणि खडू काढून त्याला दाखवलं की फळा सरळ आहे, भिंत वाकडी आहे. शिपाई आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

शाळेत ड्रॉइंग म्हणजे आंबा, कमळ आणि पाण्याचा तांब्या. मास्तरांनी सहावीच्या वर्गात यातलं काहीच काढलं नाही. फळ्यावर दोन रेघा ओढल्या, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. विचारलं, लांब कुठली? सगळ्या वर्गाने एकमुखाने दुसरी सांगितली. मोजल्यावर दोन्ही सारख्या निघाल्या. मग सरळ रेघा वाकलेल्या दिसतील असे चौकडे, आत आहे की बाहेर ते ठरवता न येणारा पेटीचा सांगाडा, चढता चढता पुन्हा खालच्याच पायरीवर येणारा जिना. मुलं वेडी झाली. एक मुलगी, फार चुणचुणीत होती, मला वर्गात म्हणाली, "बाई, या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या आहेत म्हणता ना? मोजू का?" मी फळ्यावर हाताने काढलेला त्रिकोण तिने पट्टीने मोजला. सारख्या नव्हत्या. मला मास्तरांचा तेव्हापासून राग.

पण रागाने काही सिद्ध होत नाही. मी बघू लागले.

मास्तर किटलीतून चहा ओतताना कपाच्या काठावरून बोट आत धरायचे. चहा बोटाला लागला की थांबायचे. मला किळस यायची. कुणी डाव्या बाजूने हात केला तर ओळख द्यायचे नाहीत, हाक ऐकू आली की एकदम सगळी मान वळवून बघायचे. मुलांनी चेंडू टाकला तर तो झेलायला त्यांचे हात नेहमी वेळेच्या आधी मिटायचे. पायऱ्या उतरताना पाऊल हवेत थोडं चाचपायचं. आणि सगळ्यांत विचित्र हे, की वर्गात प्रत्येक चित्र बघताना मुलांना सांगायचे, "एक डोळा मिटा, मग बगा." स्वतः मात्र कधीही डोळा मिटायचे नाहीत. मला वाटायचं, ज्याला फसवायचं असतं तो स्वतः कशाला डोळा मिटेल?

त्यातच त्यांनी सहावीचा वर्ग आमच्या दुकानात आणला. अण्णा, माझा थोरला भाऊ, गल्ल्यावर होता. वार जाऊन मीटर आलेले ते दिवस, आधीच तो वैतागलेला. मास्तरांनी एक उभ्या पट्ट्यांचं आणि एक आडव्या पट्ट्यांचं कापड एकाच मापाने कापून घेतलं, दोन्ही पोरांच्या हातांत देऊन उलगडली आणि अण्णाला विचारलं, "उंच कुठलं?"

अण्णा म्हणाला, "त्यात काय विचारायचं? तीस वर्षं कापड विकतोय मी."

"मग सांगा की."

अण्णाने बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, मोजून बगा. मोजलं, सारखं. बारा पोरं खो खो हसली. ती गेल्यावर अण्णा मला म्हणाला, "हा माणूस सरी नाही बघ, बरोबर नाही. गिऱ्हाइकं शहाणी करतोय." आमच्या घरात याहून मोठा आरोप नाही.

पुढे कारखान्यातल्या एका इंजिनियर पालकांची तक्रार आली. त्यांच्या मुलाने वसाहतीतल्या पाण्याच्या टाकीचं चित्र काढलं होतं, इकडून बघितलं तर टाकी भरलेली, तिकडून बघितलं तर पोकळ. ते म्हणाले, "दिवस कसले आहेत आणि हे मास्तर मुलांना आमच्या टाकीची मापं घ्यायला सांगतात?" हेडमास्तर पुण्याकडचे, सज्जन, घाबरट. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, आपली नजर तीक्ष्ण आहे. शेवटच्या तासाला आपण ड्रॉइंगच्या वर्गात मागे बसत जा. दिसेल ते वहीत लिहा. फक्त दिसेल तेच. वर्षाअखेर मास्तरांना कायम करायचं की नाही, ते कमिटी ठरवील."

मला आनंद झाला, हे लपवून काय उपयोग. दोनशे पानी वही मी स्वतःच्या पैशांनी आणली.

मास्तरांनी एकदाही विचारलं नाही की मी मागे का बसते. त्यांनी मला एक स्टूल आणून दिलं. वर्गाचं मोठं काम तेव्हा सुरू होत होतं. स्नेहसंमेलनासाठी ड्रॉइंगच्या हॉलमध्ये जमिनीवर विहीर काढायची. तांबडी, गुळगुळीत जमीन, त्यावर खडू आणि कोळसा. मास्तरांनी दाराशी जमिनीवर दोन पावलं काढली, तिथे एक काठी उभी केली, काठीला डोळ्याच्या उंचीवर भोक. त्या भोकातून सुतळी ताणून मुलं प्रत्येक विटेचा कोपरा कुठे पडतो ते शोधायची. एकेका मुलाला एकेक वीट दिलेली. दीड महिना चाललं. इतर कुठूनही बघितलं तर जमिनीवर एक लांबोडका, ताणलेला, घाणेरडा आकार. पावलांवर उभं राहून एक डोळा मिटला की खोल विहीर, तळाशी पाणी, पाण्यात कळशी. मी वहीत लिहिलं, "विहीर एकाच जागेवरून दिसते." खरं तर त्या दिवशी मी पावलांवर उभी राहिले आणि मला आत पडायची भीती वाटली होती. ते लिहिलं नाही, कारण ते दिसलेलं नव्हतं.

हॉलच्या बाहेर व्हरांडा, कठडा नसलेला, अडीच-तीन फूट उंच. मधोमध तीन पायऱ्या. व्हरांडा, पायऱ्या, सगळं त्याच तांबड्या रंगाचं. पायऱ्यांच्या उजव्या कडेला शेवंतीची एक कुंडी. मास्तर रोज हॉलमधून निघताना त्या कुंडीला हात लावायचे. बोलत असोत, हसत असोत, हात आपोआप कुंडीकडे जायचा, मग ते उतरायचे. हे मी सहा वेळा लिहिलं. सातव्यांदा मला राहवेना. या कुंडीत काहीतरी आहे. चिठ्ठी म्हणा, किल्ली म्हणा.

संमेलनाच्या सकाळी मी लवकर गेले आणि कुंडी उचलून बघितली. खाली ओला गोल डाग आणि एक गांडूळ. माती उकरली, त्यातही काही नाही. तेवढ्यात मुलं आली. मी कुंडी घाईने खाली ठेवली, पहिल्या जागेपासून हातभर उजवीकडे.

संमेलनाला कमिटीचे सेक्रेटरी आले, पांढरा फेटा, हातात काठी, पालकांची रांग मागे. त्यांना पावलांवर उभं केलं. ती चुणचुणीत मुलगी म्हणाली, "एक डोळा मिटा आजोबा." त्यांनी मिटला आणि झटकन मागे सरले, धोतराचा सोगा हातात धरून. "पोरांच्या शाळेत उघडी विहीर?" हॉल हसून कोसळला. मास्तर मजेत विहिरीवरून चालत गेले, मध्यभागी उभे राहून म्हणाले, "बुडालो का मी?" त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. सेक्रेटरीसुद्धा हसले. त्या क्षणी मास्तर कायम झाले असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मी चरफडले.

मग सगळे बाहेर निघाले. मास्तर पुढे, मान मागे वळवून सेक्रेटरींशी बोलत. हात कुंडीकडे गेला, शेवंतीला लागला. त्यांनी पाऊल टाकलं. तिथे पायरी नव्हती.

एवढा उंच माणूस एखाद्या काठीसारखा खाली गेला. चष्मा फुटला, मनगट मोडलं. पोरं किंचाळली. सेक्रेटरींनी व्हरांड्यावरून खाली बघितलं आणि हळूच म्हणाले, "हा माणूस पिऊन आलाय."

संध्याकाळी त्यांनी माझी वही मागवून घेतली. पाय चाचपतो. चेंडू हुकतो. हात केला तर ओळख देत नाही. बोट घातल्याशिवाय चहा ओतता येत नाही. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार. हेडमास्तर मला म्हणाले, "रविवारी कमिटीसमोर फक्त होय म्हणायचं आहे, बाई. आपण तर सिद्धच केलंय."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून राहिले. वहिनीने कॉफीचं भांडं पुढे ठेवलं. मला एकसारखं आठवत होतं, सगळ्यांना डोळा मिटायला लावतो आणि स्वतः मिटत नाही. का मिटत नाही? मी डावा डोळा मिटला आणि वरून कॉफी ओतली. निम्मी पेल्यात, निम्मी वहिनीच्या पुसलेल्या जमिनीवर.

अण्णा ओरडला, "स्वल्प बघून ओत की! काय चाललंय तुझं?"

मी पुन्हा ओतली, पुन्हा सांडली. मग बोट पेल्याच्या काठावरून आत धरलं. या वेळी एक थेंब बाहेर गेला नाही. मिटायला त्या माणसाकडे दुसरा डोळाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. कोळशाच्या वखारीमागे एक खोली, भिंतीवर पोरांची चित्रं, मास्तरांचा हात गळ्यातल्या झोळीत. मी दारातच म्हणाले, "डावा डोळा, ना?"

त्यांनी चांगल्या हाताने स्टूल पुढे सरकवलं. मग म्हणाले, "सायकलवरनं पडलो तीन वर्सामागं. दिसायला डोळा चांगला हाय, आतला दिवा गेला. त्या दिवसापास्नं सगळं जग फळ्यावर काढल्यागत दिसतंय, अक्का. पायरी पण चित्र, कप पण चित्र. आधी लई भ्यालो. मग म्हटलं, पोरांना हेच शिकवूया की."

"कुंडी मी हलवली," मी म्हणाले. "खाली काय आहे ते बघायला."

"तुमी व्हय! मला वाटलं पोरं." आणि ते हसले. मला त्या हसण्याने जास्त लागलं. "काय घावलं?"

"गांडूळ."

मी म्हणाले की रविवारी मी सगळं खरं सांगेन, ते प्यालेले नव्हते, डोळा गेलाय. मास्तरांचा चेहरा एकदम उतरला.

"नको. एका डोळ्याचा ड्रॉइंग मास्तर कोण ठिवणार? ही शाळा न्हाई, कुठलीच न्हाई. दारुड्याला एकदा माफी मिळते. तुमी दारूच म्हणा."

"मी खोटं बोलत नाही."

"ठावं हाय. म्हणून तर तुमचं ऐकतील. वहीत एक पण वाक्य खोटं न्हाई तुमचं. लई बेस बगता तुमी." मग हळू आवाजात, "पोरांचं पुढच्या वर्साचं काम मनात ठरवून ठिवलंय."

रविवारी कमिटीने विचारलं, तोंडाला वास येत होता का? हेडमास्तर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो. येत होता." आयुष्यात समोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून बोललेलं ते माझं पहिलं खोटं. मला वाटलं होतं जीभ अडखळेल, पण ती अजिबात अडखळली नाही, आणि याचीच मला भीती वाटली.

मास्तर झोळीतल्या हाताला दुसरा हात जोडून उभे राहिले. चूक झाली म्हणाले. कमिटीतल्या एका म्हाताऱ्याला गहिवरून आलं, त्याचा स्वतःचा धाकटा भाऊही असाच वाया चालला होता आणि सुधारला होता. ज्या माणसाला कडक कॉफीनेही घेरी यायची, त्याच्याकडून पुन्हा दारूला शिवणार नाही असं लिहून घेतलं. आणखी एक वर्ष हंगामी. खाली सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा एकदा जरी तोल गेलेला दिसला, तर त्याच दिवशी काम बंद.

त्यानंतर शाळेत त्यांना सुधारलेला दारुडा म्हणून मान मिळू लागला. पालक पाठीवर थाप मारायचे. इंजिनियर पालकांनी त्यांना एक देवाचं पुस्तक दिलं. मास्तर सगळं मुकाट घ्यायचे आणि माझ्याकडे बघून उजवा डोळा बारीक करायचे. मला हसू यायचं, आणि लाजही वाटायची, कारण माझ्या खोट्याचं वजन रोज त्यांच्या पाठीवर होतं.

मी कुंडीभोवती खडूने वर्तुळ काढलं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुंडी बरोबर आत आहे की नाही बघायची. चहाच्या वेळी किटली मीच उचलायची. बोलायचं झालं तर त्यांच्या उजवीकडून. शाळा सुटताना त्यांच्या पुढे दोन पावलं उतरायचं आणि पोरांना दटावल्यासारखं मोठ्याने म्हणायचं, "एक, दोन, तीन, रांगेत उतरा!" मी लग्न न केलेली बाई. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायला लागलं. हेडमास्तर मला बाई म्हणायचं सोडून हल्ली नुसती मान हलवायचे. मला कळत होतं. मी कुणाला काय सांगणार होते?

एका शनिवारी घंटा झाली, मी वर्गाबाहेर आले आणि बघितलं तर कुंडी वर्तुळाबाहेर. हातभर उजवीकडे. भोवती सांडलेली माती, उकरलेली. कुंडी अशी उचलून कोण बघतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? वर बघितलं तर समोरच्या खिडकीत आमचे भूगोलाचे मास्तर बसलेले, पुढ्यात कोरी करकरीत वही. माझ्यावर नजर ठेवली होती.

ड्रॉइंग मास्तर हॉलमधून निघाले होते. पोरं भोवती, कसलंसं चित्र दाखवत, मास्तरांचा हात पुढे आलेला. कुंडी उचलून जागेवर न्यायला वेळ नव्हता. मी धावले आणि वर्तुळात उभी राहिले.

त्यांची बोटं माझ्या खांद्याला लागली. ते थांबले. सगळी शाळा बघत होती.

"अक्का?"

"उतरा," मी म्हणाले. "तीनच आहेत."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात तसाच ठेवला आणि एकेक पायरी उतरून खाली गेले. पाऊल कुठेही हुकलं नाही. खिडकीत भूगोलाचे मास्तर खाली मान घालून लिहीत होते, वार, वेळ, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला. मला ती वही बघायची गरज नव्हती. त्यात एकही शब्द खोटा नसणार.